चाळीस चौरस फुटांचा हिशेब

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे बराकीतल्या प्रत्येक बंद्याला झोपण्यासाठी ३.७१ चौरस मीटर जागा मिळायला हवी. फुटांत मोजले तर ही जागा जवळजवळ चाळीस चौरस फूट भरते. बाल न्याय कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत मुलांच्या गृहासाठी २५ मुलांमागे १,००० चौरस फुटांचे शयनगृह सांगितले आहे. भागाकार केला की तेही प्रत्येकी चाळीस चौरस फूटच निघते. खुनाच्या आरोपातला प्रौढ असो किंवा मोबाइल चोरताना सापडलेला पंधरा वर्षांचा मुलगा, शासनाने ताब्यात घेतलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला कागदावर सारखीच जागा आहे.

ही जागा प्रत्यक्षात येण्यासाठी पैसा लागतो. तो कोण देतो, कोणत्या अटीवर देतो, कुठे अडतो आणि शेवटी त्यातून काय उभे राहते, या प्रश्नाचा हा आढावा आहे. निमित्त परभणीचे आहे. २०११ च्या जनगणनेत १८ लाख ३६ हजार लोकसंख्या नोंदवलेल्या, नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्याच्या कारागृहाचे नाव डिसेंबर २०२४ मध्ये देशभर पोहोचले. त्याआधी आपल्या गावातल्या तुरुंगात किती माणसे राहतात, त्यांच्यासाठी वर्षाला किती रक्कम येते, हे किती परभणीकरांनी विचारले होते? मीही विचारले नव्हते. म्हणूनच हा विषय मुळापासून मांडायला हवा असे वाटते.

तुरुंगाचा पैसा कोणाचा?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कारागृहे राज्यसूचीत चौथ्या क्रमांकावर आहेत. म्हणजे तुरुंग बांधणे, चालवणे, तिथले कर्मचारी नेमणे ही राज्याची जबाबदारी आहे. राज्याच्या अर्थसंकल्पात तुरुंगांचा रोजचा खर्च २०५६ या मुख्य लेखाशीर्षाखाली दिसतो. त्यात पगार, धान्य, औषधे, वीज हे सगळे येते. नवी इमारत बांधायची तर सरकारी इमारतींच्या भांडवली खर्चाचे ४०५९ हे शीर्ष उघडावे लागते. ही दोन शीर्षे वेगळी असल्यामुळे एक जुनी अडचण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. इमारतीला मंजुरी मिळते तेव्हा ती चालवायला लागणाऱ्या पदांना मिळतेच असे नाही. पदे मंजूर होतात तेव्हा त्यांना बसायला जागा नसते.

नव्या बराकीचा प्रस्ताव अधीक्षकाच्या टेबलावरून निघतो. तो पुण्याच्या कारागृह मुख्यालयात जातो, तिथून गृह विभागात आणि मग वित्त विभागात. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश अशा पायऱ्या चढताना वर्षे जातात आणि तोवर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची बदललेली असते. मग सुधारित मान्यतेसाठी फाईल पुन्हा वर जाते. रस्त्याच्या किंवा शाळेच्या कामाला अशा वेळी आमदार, सरपंच, पालक पाठपुरावा करतात. तुरुंगाच्या फाइलीमागे धावणारे गावात कोणी नसते. आत असलेल्याला मतदानाचा अधिकार नाही आणि बाहेर असलेल्या नातेवाइकांना आपला माणूस आत आहे हे सांगायची लाज वाटते.

या बाबतीत परभणीचा वारसा एका कारणाने वेगळा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मुंबई प्रांतात मुलांसाठी १९२४ पासून वेगळा कायदा होता. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा तर १८५७ ची. मराठवाड्याला ही परंपरा विलीनीकरणानंतर उशिरा मिळाली. सिंचन आणि रस्त्यांच्या अनुशेषावर आपण चळवळी केल्या. कोठड्या आणि बालगृहांच्या अनुशेषावर कुणी कधी मोर्चा काढला नाही.

केंद्राच्या दोन योजना, दोन दिशा

तुरुंग राज्याचे असले तरी केंद्राने हात दिल्याची दोन मोठी उदाहरणे आहेत आणि त्यांच्यातला फरक बोलका आहे.

पहिली योजना २००२-०३ मध्ये सुरू झाली. तिची रक्कम १,८०० कोटी रुपये होती. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के होता. नवे तुरुंग, जुन्यांची दुरुस्ती, जादा बराकी, कर्मचाऱ्यांची घरे, पाणी आणि स्वच्छतागृहे या कामांसाठी ती होती. मुदत वाढून ती मार्च २००९ मध्ये संपली. स्वातंत्र्यानंतर तुरुंगांच्या विटा-सिमेंटवर केंद्राने केलेला हा मोठा खर्च.

दुसरी योजना २०२१ ते २०२६ या पाच वर्षांची आणि ९५० कोटींची. तिचा भर आधुनिक सुरक्षा उपकरणांवर आहे. कॅमेरे, तपासणी यंत्रे, न्यायालयाशी जोडणारी दृकश्राव्य सोय अशा गोष्टी त्यात येतात. यांतले काही उपयोगाचे आहेच. पोलीस बंदोबस्त मिळाला नाही म्हणून तारखेला न नेलेल्या कच्च्या कैद्याला पडद्यावरून तरी न्यायाधीशांसमोर उभे राहता येते. पण जिल्ह्याच्या कारागृहाची खरी गरज पुष्कळदा संडास, पाणी, पंखा, आजाऱ्याला वेगळी खोली, महिलांसाठी स्वतंत्र आवार अशी साधी असते. परभणीचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला गच्च भरलेल्या बराकीतल्या दुपारचे वर्णन करून सांगावे लागणार नाही.

वीस वर्षांत अनुदानाचा कल निवाऱ्याकडून नजर ठेवण्याकडे गेला. सुरक्षेचे महत्त्व मी नाकारत नाही, पण ज्या खोलीत माणूस कुशीवर वळू शकत नाही तिथे बसवलेला कॅमेरा फक्त गर्दीच दाखवतो.

गर्दीचे गणित

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत माणसे होती ५,७३,२२०. भरणा १३१ टक्क्यांच्या वर. महाराष्ट्रात परिस्थिती याहून बिकट होती. इथे क्षमतेच्या दीडपटीहून अधिक बंदी होते. याचा अर्थ सुरुवातीला सांगितलेल्या चाळीस चौरस फुटांतले सत्तावीसही सरासरी माणसाच्या वाट्याला येत नाहीत.

यावर पहिले उत्तर सुचते ते नवे तुरुंग बांधण्याचे. ते पूर्ण चुकीचे नाही. काही इमारती इतक्या जुन्या आहेत की डागडुजीने भागत नाही. पण त्याच अहवालातला दुसरा आकडा पाहा. त्या ५,७३,२२० माणसांपैकी ४,३४,३०२ जण न्यायाधीन होते. शंभरात जवळजवळ शहात्तर. त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. यांच्यातल्या तिघांपैकी एक जरी जामिनावर बाहेर आला असता, तरी देशातल्या बंद्यांची एकूण संख्या एकही वीट न रचता क्षमतेच्या आत आली असती. प्रत्येक तुरुंगाची स्थिती वेगळी आहे, त्यामुळे हे गणित सगळीकडे सारखे लागू होणार नाही. तरी दिशा दाखवायला ते पुरेसे आहे.

जामीन मिळूनही पुष्कळ जण आतच राहतात, कारण हमीदार मिळत नाही. सोनपेठ किंवा पालमच्या भूमिहीन मजुरासाठी ऐपतीचा दाखला असलेला हमीदार शोधणे हे जामिनाच्या हुकमाइतकेच अवघड काम आहे. केंद्राने २०२३ मध्ये गरीब बंद्यांसाठी योजना आणली. तिच्यात तेव्हा जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरवली होती. वर्षाला २० कोटींची तरतूद केली गेली. बांधकामाच्या कोणत्याही योजनेपेक्षा हा पैसा लहान आहे, पण खर्च होणाऱ्या प्रत्येक रुपयामागे रिकामी होणारी जागा पाहिली तर याहून स्वस्त बराक कुणाला बांधता येणार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ हीदेखील अशीच एक वाट आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या न्यायाधीन बंद्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांसारखे कायद्याने घातलेले अपवाद वगळता त्याला सोडले पाहिजे. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील पुनर्विलोकन समितीने अशांची यादी नियमाने तपासायची असते.

डिसेंबर २०२४

परभणी रेल्वे स्थानकासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळ असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी अनेकांना अटक केली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. पुढे जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील, या लेखाचे ते काम नाही.

पण अनुदानाच्या प्रश्नाशी या मृत्यूचा थेट संबंध आहे. न्यायालयीन कोठडी म्हणजे न्यायालयाने विश्वासाने राज्याच्या हाती सोपवलेला माणूस. आत येणाऱ्या प्रत्येकाची पहिल्याच दिवशी डॉक्टरकडून नीट तपासणी होणे, अंगावरच्या जखमांची नोंद होणे, छातीत दुखते म्हणणाऱ्याला काही मिनिटांत रुग्णालयात नेणे, वकील आणि आईला कळवणे या गोष्टींवर इमारतीइतकाच, किंबहुना जास्त खर्च करायला हवा. पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावून त्यांचे चित्रण जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच दिला होता. ते चित्रण जपले जाते का, हे पाहणारा माणूस नेमायला वेगळे अनुदान लागत नाही, इच्छा लागते.

योगायोग असा की, त्याच महिन्यात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात परभणीवर चर्चा होत असताना महाराष्ट्राच्या कारागृहे व सुधारसेवांचे नवे विधेयकही मंजूर झाले. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याची जागा घेणारा हा कायदा सुधारणा आणि पुनर्वसनाची भाषा बोलतो. त्या भाषेला अर्थसंकल्पात किती आकडे मिळतात, यावर त्याची किंमत ठरेल.

मुलांसाठी वेगळा रस्ता

रिमांड होम हा शब्द आपल्याकडे धमकी म्हणून वापरला जातो. कायद्याला हे मान्य नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम १० स्पष्ट सांगते की कायद्याशी संघर्षात आलेल्या बालकाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येणार नाही. चोवीस तासांत त्याला बाल न्याय मंडळासमोर आणले पाहिजे. त्या मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात आणि त्यांतली किमान एक महिला असते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे तत्त्वच कायद्याने घालून दिले आहे.

हा विचार सहज आला नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी १९८० च्या दशकात कोठडीतल्या स्त्रिया आणि तुरुंगातली मुले यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९८३ च्या निकालातून स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्यांचे निर्देश आले. १९८६ मध्ये मुलांना तुरुंगात ठेवण्याविरुद्ध न्यायालय बोलले आणि त्याच वर्षी देशाचा पहिला बाल न्याय कायदा झाला. एका मराठी स्त्रीच्या चिकाटीने देशातल्या लाखो मुलांसाठी दार उघडले, हे आपण विसरू नये.

कायद्याने मुख्यतः चार प्रकारच्या जागा सांगितल्या आहेत. चौकशी चालू असताना निरीक्षणगृह, दोष आढळल्यास विशेष गृह, गंभीर आरोपातल्या मोठ्या मुलांसाठी सुरक्षित जागा आणि काळजी व संरक्षणाची गरज असलेल्यांसाठी बालगृह. पण कलम ४७ म्हणते की निरीक्षणगृह प्रत्येक जिल्ह्यात किंवा जिल्ह्यांच्या गटासाठी असावे. सगळी मेख त्या ‘किंवा’ मध्ये आहे. मोठ्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी तुरुंग असतो, मुलांसाठी शेजारचा जिल्हा चालतो. जिंतूरच्या आईला मुलाची भेट घ्यायला दोन दिवसांची मजुरी आणि एस.टी.चे भाडे गमवावे लागले, तर ती किती वेळा जाईल? भेट थांबते तेव्हा मुलाचे घरही थांबते.

पैशाची वाट इथे वेगळी आहे. २००९ ची एकात्मिक बाल संरक्षण योजना आता ‘मिशन वात्सल्य’ झाली आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देते. संस्थेतल्या मुलामागे देखभालीसाठी दरमहा ३,००० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला शंभर. त्यात दोन वेळचे जेवण, नाश्ता, कपडे, साबण, वही. मूल घरातच राहावे म्हणून दिले जाणारे प्रायोजकत्व दरमहा ४,००० रुपयांचे आहे. राज्याच्या सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत २,२५० रुपये मिळतात. आकडे सांगतात की मुलाला घरात सांभाळायला मदत करणे आणि त्याला संस्थेत ठेवणे यांच्या खर्चात फार अंतर नाही. संस्थेच्या बाजूला इमारत, पहारा आणि पगार जोडले तर घर स्वस्तच पडते.

परभणीला हे अधिक लागू आहे. गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर भागातून दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे आजी-आजोबांकडे राहिलेली किंवा फडावर शाळेविना फिरणारी मुले सहा महिने कोणाच्याच नजरेत नसतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहावर आणि बालसंगोपनावर झालेला खर्च हाच निरीक्षणगृहावर वाचलेला खर्च असतो.

अनुदानाची अट

अनुदान म्हणजे नुसती रक्कम नसते. अनुदानाची अट घेणाऱ्याचे वागणे बदलते. अमेरिकेच्या दोन कायद्यांत हे लख्ख दिसते. १९७४ च्या बाल न्याय कायद्याने राज्यांना अनुदान दिले आणि १९८० च्या दुरुस्तीने अट घातली की मुलांना प्रौढांच्या तुरुंगातून बाहेर काढा. पैसा हवा म्हणून राज्ये हलली. पुढे १९९४ च्या कायद्याने तुरुंग बांधायला मोठे अनुदान दिले, आणि त्याच्या एका भागाला अट होती की हिंसक गुन्हेगारांनी शिक्षेचा किमान ८५ टक्के काळ आत काढावा. एका अटीने दार उघडले, दुसरीने ते अधिक काळ बंद ठेवले. दोन्ही वेळा पैसा सरकारचाच होता.

महाराष्ट्राकडेही स्वतःचे चांगले उदाहरण आहे. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर ही औंध संस्थानाच्या काळात सुरू झालेली खुली वसाहत. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा तिथली. ज्या जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी परभणीच्या रानात येते, त्या धरणाच्या काठी पैठणला खुले कारागृह आहे. तिथे बंदी शेतात काम करतात आणि उंच तटबंदीची गरज पडत नाही. विश्वासावर चालणाऱ्या संस्थेचा खर्च पहाऱ्यावर चालणाऱ्या संस्थेपेक्षा कमी असतो, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

परभणीसाठी

या सगळ्यातून माझे मत असे झाले आहे की परभणीला मिळणाऱ्या पैशाचा क्रम बदलला पाहिजे. पहिला रुपया माणूस विनाकारण आत राहू नये यासाठी खर्च व्हावा. जामिनाची मदत, विधी सेवा प्राधिकरणाचे वकील, पुनर्विलोकन समितीची नियमित बैठक हे त्यातले. दुसरा रुपया आत असलेल्याच्या जिवासाठी. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कारागृहात रोज तिथले डॉक्टर जातील आणि दाखल होणाऱ्या प्रत्येकाची तपासणी नोंदवहीत उतरेल, असा करार व्हायला इमारत लागत नाही. तिसरा रुपया मुलांसाठी लहान, जिल्ह्यातच असलेल्या आणि शाळेसारख्या दिसणाऱ्या गृहासाठी. नवी बराक चौथ्या क्रमांकावर. ती बांधताना महिला विभाग, आजाऱ्यांची खोली आणि मुलाखतीसाठी सावली आधी उभी राहावी.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ पासून याच शहरात आहे. रोपवाटिका, दुग्धव्यवसाय, ठिबक सिंचनाची दुरुस्ती असे छोटे अभ्यासक्रम त्याने निरीक्षणगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांना द्यावेत. कायदा अशा मुलांना २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाचा, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या देखभालीचा, आधार देतो. तो कागदावर राहू नये.

जिल्हा नियोजन समितीची बैठक पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होते आणि तिचे आराखडे मागून मिळतात. माझी परभणीकर वाचकांना विनंती आहे की पुढच्या वेळी रस्ते आणि पाण्याच्या आकड्यांसोबत आणखी चार आकडे मागा. आपल्या कारागृहाची क्षमता किती, आज आत किती, त्यांपैकी जामीन मिळूनही पैशाअभावी अडकलेले किती, आणि जिल्ह्यातली किती मुले बाहेरच्या जिल्ह्याच्या गृहात आहेत. हे आकडे दर तीन महिन्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागले, तर फाइलीमागे धावणारे कोणी नाही ही अडचण संपेल. आत असलेली माणसे याच नऊ तालुक्यांची आहेत आणि त्यांतली बहुतेक उद्या याच गावांत परतणार आहेत.